१२८ टीबीची फाइल आणि तुझी उडालेली झोप

अगं, आधी हात कीबोर्डवरून बाजूला घे. आरएम टाइप करून बसली असशील तर ती ओळ खोड. एंटर दाबलास तरी ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणून ते तुला परत पाठवेल, पण घाबरलेल्या मनाने रूट लॉगिनवर आरएम चालवायची सवय लागायला नको. पाणी पी, मग बोलू.

काय झालंय ते मला न सांगताच कळलंय बघ. डिस्क भरल्याचा अलर्ट आला, शिफ्टवर तू एकटी, मोठ्या फाइली शोधायला म्हणून तू फाइंड चालवलंस आणि पहिल्याच झटक्यात प्रॉक डिरेक्टरीतली केकोअर नावाची फाइल समोर आली. आकार १४०७३७ ने सुरू होणारा १५ अंकी आकडा. हिशेब केलास तर जवळजवळ १२८ टीबी, आणि सर्व्हरची डिस्क २५६ जीबीची. नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा हा आकडा दिसला तेव्हा मी साहेबांना ‘सर्व्हर हॅक झालाय’ अशी लाल अक्षरातली मेल ठोकून दिली होती. उत्तरात त्यांनी फक्त एक हसरा चेहरा पाठवला. तो चेहरा मला अजून छळतो. तू निदान मेलच्या आधी मला विचारलंस, म्हणजे माझ्यापेक्षा शहाणीच म्हणायची.

तर खरं सांगू का, ती फाइल तुझ्या डिस्कवर नाहीच. एक बाइटसुद्धा नाही. पटत नसेल तर तिच्यावर स्टॅट चालव. ‘साइज’पुढे तोच अवाढव्य आकडा येईल आणि शेजारीच ‘ब्लॉक्स’पुढे शून्य. साइज म्हणजे फाइल स्वतःला केवढी म्हणवते ते, आणि ब्लॉक्स म्हणजे तिने डिस्कवर खरोखर किती जागा अडवली आहे ते. एलएस तुला पहिला आकडा दाखवतो, डीयू दुसरा. रोजच्या साध्या फाइलींत हे दोन्ही इतके जवळजवळ असतात की ते वेगळे आहेत हे कुणाच्या ध्यानात येत नाही. प्रॉकमध्ये गेलं की त्यांची पार फारकत होते.

प्रॉक ही सगळीच डिरेक्टरी कर्नल आपल्या मनाने उभी करतो. तिथल्या फाइली म्हणजे डब्यात भरून ठेवलेल्या पोळ्या नाहीत गं, तू ताट मांडलंस की तव्यावरून उतरणाऱ्या पोळ्या आहेत. ताट मांडण्याआधी डब्यात किती असं विचारलंस तर शून्य, दुसरं काय सांगणार? मेमइन्फो नावाची फाइल बघ तिथे. स्टॅट तिला सरळ ‘रेग्युलर एम्प्टी फाइल’ म्हणतो, म्हणजे साधीसुधी, रिकामी. तीच फाइल कॅटने उघड, पन्नासच्या आसपास ओळी धडाधड येतील: एकूण मेमरी, मोकळी मेमरी, कॅश, स्वॅप, सगळं. त्या ओळी तू वाचायला घेतल्यास त्या क्षणी तयार झाल्या. पुन्हा वाचशील तर आकडे बदललेले असतील. आधीपासून लांबी सांगायची तर कर्नलला प्रत्येक एलएसच्या वेळी सगळा मजकूर तयार करून मोजावा लागेल, आणि तू फाइल उघडेपर्यंत ते मोजमाप शिळं झालेलं असेल. म्हणून तो शून्य सांगून मोकळा होतो. मला तरी यात प्रामाणिकपणा वाटतो.

मग केकोअरच एवढी फुगलेली का, असं विचारशीलच. ती फाइल कर्नलच्या मेमरीचं दार आहे, जीडीबीसारख्या डीबगरने आत डोकावता यावं म्हणून ठेवलेलं. आता मेमरीतले पत्ते आणि मेमरीच्या चिपा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बघ. आपल्या नेहमीच्या ६४ बिटी इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर व्हर्च्युअल पत्ता बहुतेक ठिकाणी ४८ बिटांचा असतो. त्या पट्ट्याचा खालचा अर्धा भाग प्रोग्रॅमना, वरचा अर्धा कर्नलला. अर्धा म्हणजे २ चा ४७ वा घात, म्हणजे बरोबर १२८ टीबी. केकोअरचा आकार सांगताना कर्नल त्याच्या पट्ट्यातला सगळ्यात वरचा वापरातला पत्ता कुठे येतो एवढंच बघतो, आणि तो जवळजवळ टोकाला असतो. मधली प्रचंड मोकळी जागा त्या आकड्यात आपोआप धरली जाते. सर्व्हरमध्ये ८ जीबी रॅम असो की ५१२ जीबी, आकडा तोच राहणार. त्यात तुझ्या डिस्कचा संबंध नाही आणि रॅमचाही नाही.

गंमत सांगते. फाइलच्या आकाराच्या जागी शून्य लिहायचं हे काही आकाशातून पडलेलं नाही. १९८४ मध्ये बेल लॅब्समधल्या टॉम किलियन यांनी चालू प्रोसेसला फाइलसारखं वागवायची कल्पना मांडली, आणि युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत प्रॉक आली. तिथे एका प्रोसेसची एकच फाइल असायची आणि एलएस केलं की आकाराच्या रकान्यात त्या प्रोसेसची व्हर्च्युअल मेमरी दिसायची. पुढे सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या रिलीजनेही तेच ठेवलं. लिनक्सने मात्र एकेका प्रोसेसची वेगळी डिरेक्टरी करून तिच्यात वाचता येतील अशा मजकुराच्या फाइली ठेवल्या, आणि तिथे आकार शून्य. एकच रकाना, पण त्यात काय भरायचं हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. माझ्या मते जुनी पद्धत दिसायला देखणी होती आणि लिनक्सची रोजच्या वापराला सोयीची.

शेजारची सिस नावाची डिरेक्टरी आणखी वेगळं बोलते. तिथल्या जवळजवळ प्रत्येक फाइलचा आकार ४०९६. नेटवर्क कार्डाची एमटीयू ठेवणारी फाइल उघडून बघ, आत १५०० आणि ओळीचा शेवट, म्हणजे ५ बाइट. पण एलएस म्हणणार ४०९६, कारण उत्तर लिहायला कर्नल मेमरीचं एक अख्खं पान बाजूला काढतो आणि त्या पानाचाच आकार सांगतो. पानच ६४ केबीचं असलेल्या एआरएम सर्व्हरवर तोच आकडा ६५५३६ होतो. शून्य, ४०९६ आणि १२८ टीबी, तिन्ही आकडे आपापल्या परीने खरे आहेत, पण एकातही फाइलची लांबी नाही.

आता मुद्द्याचं, कारण तुझ्या कामात हे जिथे नडतं ती जागा म्हणजे बॅकअप. बऱ्याच प्रोग्रॅमचा साइजच्या आकड्यावर आंधळा विश्वास असतो. टारला शून्य दिसलं की तो फाइलचं नाव नोंदवतो आणि आतला मजकूर वाचतच नाही. केकोअरपुढे मात्र तो १५ अंकी आकडा खरा धरून कॉपी करायला बसतो. सकाळी बघावं तर आर्काइव्ह वाढतंय, वाढतंय, संपायचं नाव नाही. म्हणून संपूर्ण रूटचा बॅकअप घेताना प्रॉक, सिस, डेव्ह आणि रन या चारही वगळायच्या, किंवा टारला ‘वन फाइल सिस्टिम’चा पर्याय द्यायचा. आरसिंकला हेच ‘एक्स’ने सांगता येतं. तुमच्याकडची बॅकअपची स्क्रिप्ट कुणी लिहिली आहे देव जाणे, पण उद्या तेवढी ओळ तिच्यात आहे का ते बघून घेशील?

आणि यात फक्त आपल्यासारख्याच फसतात असं समजू नकोस हं. लिनक्स ५.३ पासून, म्हणजे २०१९ पासून, एका फाइल सिस्टिममधून दुसरीत थेट कर्नलकडूनच कॉपी करवून घ्यायची सोय खुली झाली. गो भाषेच्या लायब्ररीने ती वापरायला घेतली आणि प्रॉकमधल्या फाइलींच्या कॉप्या रिकाम्या निघायला लागल्या. आकार शून्य, म्हणून कर्नलचं उत्तर ‘झालं, शून्य बाइट कॉपी केले’, आणि एरर कुठेच नाही. कर्नल लिहिणाऱ्यांनी त्यावर बराच काथ्याकूट केला आणि शेवटी २०२२ च्या ५.१९ मध्ये ती सवलत आखडून घेतली. कर्नल रोज कोळून पिणारी माणसं जिथे अडखळली तिथे तू एका रात्रीत गोंधळलीस म्हणून स्वतःला कोसत बसू नकोस.

तू मागच्या आठवड्यात टॉपबद्दल विचारलं होतंस ना, क्रोमच्या प्रोसेससमोर व्हर्टच्या रकान्यात टीबीत आकडा दिसतो म्हणून? ते दुखणं याच घरातलं. व्हर्ट म्हणजे त्या प्रोसेसने पत्त्यांचा केवढा पट्टा आपल्या नावावर करून ठेवलाय ते. क्रोमच्या आतलं व्ही८ सुरक्षेसाठी १ टीबीचा पट्टा एकदम राखून ठेवतं. राखलेल्या पत्त्याला प्रोग्रॅमने हात लावेपर्यंत कर्नल त्याच्यामागे रॅमचं पानच लावत नाही, म्हणून त्याचा खर्च जवळजवळ नसतोच. बघायचं असेल तर शेजारचा रेस बघ, खरोखर रॅममध्ये बसलेली पानं तिथे कळतात.

पण रेससुद्धा डोळे झाकून बेरजेला घ्यायचा नाही बाई. पोस्टग्रेस चालू असलेल्या सर्व्हरवर प्रत्येक कनेक्शनची वेगळी प्रोसेस असते, आणि सगळ्या मिळून एकच सामाईक बफर वापरतात. प्रत्येकीच्या रेसमध्ये तिने हात लावलेली सामाईक पानं पुन्हा पुन्हा मोजली जातात. बेरीज करशील तर ३२ जीबीच्या मशीनवर ७० जीबी वापर झालेला दिसेल आणि पुन्हा मला रात्री फोन करशील. त्यासाठी पीएसएस बघायचा. तिथे सामाईक पान जितक्या प्रोसेस वापरतात तितक्यांत वाटून मोजलं जातं, त्यामुळे बेरीज जुळते. प्रॉकमध्ये प्रोसेसच्या डिरेक्टरीत स्मॅप्स रोलअप नावाची फाइल आहे, ४.१४ पासूनच्या कर्नलमध्ये असते, तिच्यात एका ओळीत मिळेल. तिचाही आकार एलएसमध्ये शून्यच दिसेल, आता दचकू नकोस.

मशीनवर एकूण मेमरी उरली किती हे बघताना फ्रीमधल्या ‘फ्री’ रकान्याकडे तर बघूच नकोस. लिनक्स रिकामी रॅम कॅशला लावतो, म्हणून तो आकडा कायम केविलवाणा दिसतो. ‘अव्हेलेबल’ बघ. तो अंदाज २०१४ च्या ३.१४ पासून कर्नल स्वतःच काढून देतो.

स्वॅपची फाइल मात्र याच्या उलट, ती अगदी सरळमार्गी. २ जीबीची स्वॅप फाइल डिस्कवर खरोखरच २ जीबी खाते, तिथे दाखवायचे आणि खायचे दात एकच. तिच्यात भोकं चालत नाहीत. भोकं म्हणजे फाइलच्या मधल्या अशा जागा, ज्यांचा आकारात समावेश असतो पण डिस्कवर काहीच लिहिलेलं नसतं. तशी फाइल दिलीस तर स्वॅपऑन तिला सरळ नाकारतो. कारण विचार केलास तर सोपं आहे: मेमरी संपत आलेली असताना डिस्कवर जागा शोधत फिरायला कर्नलला उसंत नसते, सगळी जागा आधीच ठरलेली लागते. आता एक बारीक गोष्ट बघ. एलएसमध्ये ही फाइल २०९७१५२ केबी भरते, पण प्रॉकमधल्या स्वॅप्स फाइलीत तिच्यापुढे २०९७१४८ लिहिलेलं असतं. ४ केबी कुठे गेले? पहिलं पान स्वॅपच्या ओळखपत्रासाठी राखलेलं असतं, त्यात पानं ठेवत नाहीत. मोजणाऱ्या ऑडिटरने कधी विचारलं तर ठणकावून सांग.

डीएफमध्ये डेव्ह एसएचएमसमोर रॅमच्या निम्मा आकडा दिसेल, तोही खर्च झालेला नाही, ती फक्त मर्यादा आहे. आत जेवढं भरशील तेवढीच रॅम जाते. आणि घरच्या विंडोज लॅपटॉपवर पेजफाइल आणि हायबरफिल या लपवलेल्या फाइली सापडल्या तर त्या मात्र डिस्क खरोखर खातात. लॅपटॉप हायबरनेट करत नसशील तर हायबरनेशन बंद कर, दुसरी जाते. पेजफाइलला हात लावू नकोस.

आता उठ आणि तुझ्या खऱ्या चोराला शोधू. डीएफ ९९ टक्के म्हणतोय आणि रूटवर डीयू चालवलास तर बेरीज निम्मीही भरत नाही, असंच होतंय ना? माझी अटकळ ऐक. संध्याकाळी कुणीतरी मोठी लॉग फाइल डिलीट केली आणि ‘जागा केली’ म्हणून घरी गेलं. पण ज्या प्रोसेसने ती उघडी धरली आहे तिने सोडेपर्यंत कर्नल ती जागा परत देत नाही. नाव गेलं, म्हणून डीयूला ती दिसत नाही. जागा अडलेली, म्हणून डीएफला दिसते. एलएसओएफला ‘प्लस एल वन’ देऊन चालव, जिचं नाव उरलेलं नाही अशी प्रत्येक उघडी फाइल यादीत येईल, प्रोसेसच्या नंबरासकट.

नंबर मिळाला की त्या प्रोसेसच्या प्रॉकमधल्या एफडी डिरेक्टरीत जा. तिथे त्या फाइलीच्या दुव्याशेजारी ‘डिलीटेड’ लिहिलेलं असेल. त्या दुव्यावर नुसता एलएस मारून आकार बघू नकोस, तो दुव्याचाच आकार सांगेल. स्टॅटला मोठा एल द्यायचा, म्हणजे तो पलीकडच्या फाइलपर्यंत जातो आणि साइज व ब्लॉक्स दोन्ही खरे देतो. सर्व्हिस रीस्टार्ट करता येत असेल तर सगळ्यात उत्तम, जागा लगेच मोकळी होईल. रात्री रीस्टार्टची परवानगी नसेल तर त्याच दुव्यावर रिकामं आउटपुट वळव, फाइल जागच्या जागी शून्य होईल. पण आधी फाइलमधल्या शेवटच्या हजारभर ओळी दुसरीकडे काढून ठेव गं. सकाळी कुणीतरी ‘लॉग कुठेय’ म्हणून येणारच, आणि बोलणी तुला बसतील.

एक होईल, आत्ताच सांगून ठेवते म्हणजे पुन्हा धस्स व्हायला नको. तो प्रोग्रॅम लॉग अपेंड करून लिहिणारा नसेल तर आधी जिथे होता तिथूनच पुढे लिहायला लागेल. मग साइज क्षणात पुन्हा आधीएवढाच दिसेल आणि ब्लॉक्स मात्र जेमतेम काही केबींचे. पुढचा भाग नुसतं भोक आहे. डीएफमध्ये जागा मोकळी दिसते ना? मग झालं तर.

तिकिटात कारण स्पष्ट लिही: डिलीट केलेली लॉग फाइल, कुठल्या प्रोसेसने धरलेली, किती जागा अडली होती, कधी मोकळी केली. कुणी डिलीट केली ते लिहू नकोस, ते त्यांचं त्यांना कळेल. आणि शिफ्ट सुटली की झोप आधी काढ, मग दुपारी लॉगरोटेटची सेटिंग्ज मला पाठव. फाइल जागेवरच रिकामी करवायची की सर्व्हिसला नवी फाइल उघडायला सांगायची, ते आपण दोघी फोनवर बसून ठरवू.